पायातलं

"पायातलं बाहेर काढून या," भीमराज म्हणाला. मान वर न करताच म्हणाला. हातात मांडीच्या पट्ट्याचं कातडं होतं, दातांत मेण लावलेला दोरा होता आणि दारात कुणाची तरी सावली पडली होती. सावली पडली की हे वाक्य त्याच्या तोंडून आपसूक निघे, एस.टी.च्या कंडक्टरच्या तोंडून 'पुढं सरका' निघतं तसं. सावली थबकली. मग बराच वेळ आत कुणी आलं नाही. बक्कलातून पट्टा ओढल्याचा आवाज आला, मग आणखी एक, मग पोलादी पट्टी दगडी पायरीला लागल्याचा. हा आवाज त्याच्याइतका सगळ्या भिंगारमध्ये कुणाच्या ओळखीचा नव्हता. त्याने दोरा तोंडातून काढला आणि वर पाहिलं. कोल्हारची ज्ञानेश्वरी उंबऱ्यावर बसली होती. लुळ्या पायांना उभं धरणारे दोन्ही कॅलिपर तिने उतरवले होते, बुटांसकट, आणि बापाच्या चपलांशेजारी नीट लावून ठेवले होते. दोन्ही तळवे फरशीवर टेकून ती आत सरकायला निघाली होती आणि त्याच्याकडे बघून हसत होती.

"अगं अगं, तुला नव्हतो म्हणालो," भीमराज उठता उठता म्हणाला, आणि ते खोटं होतं. तो दारात येणाऱ्या कुणालाही म्हणत होता, म्हणजे तिलाही म्हणत होताच. चपला काढून तिच्यामागे उभे असलेले तिचे वडील आप्पासाहेब पुढे आले. टोपी काढून घाम पुसत म्हणाले, "असू द्या की डाक्टर. तिला सवय हाय." भीमराज डॉक्टर नव्हता, कंपाउंडरही नव्हता. पण जो माणूस पायाला हात लावतो, मोजतो आणि पांढऱ्या प्लास्टरमध्ये बुडवून ठेवतो, त्याला खेड्यातली माणसं दुसरं काय म्हणणार? पहिल्या पहिल्यांदा तो त्यांना दुरुस्त करायचा, मग त्याने नाद सोडला, आणि मग त्याला ते आवडायलाही लागलं. आज मात्र तो शब्द कानाला टोचला. डॉक्टरने पोरीला पाय काढून आत यायला सांगितलं होतं आणि पोरीने ते ऐकलं होतं.

दाराशेजारी त्याने स्वतः रंगवलेली पाटी होती, 'पादत्राणे बाहेर काढावीत'. गाळा भाड्याने घेतला तेव्हा 'मैत्री अपंग साधन केंद्र' या नावाच्या पाटीआधी ही पाटी लागली होती. कारण साधं होतं. इथे येणारी पोरं रांगत यायची, बसकण मारत, ढुंगण घासत यायची. बाजारातल्या शेणामातीने, पानाच्या पिचकाऱ्यांनी भरलेल्या चपला आत आल्या तर ते सगळं पोरांच्या हातांना लागणार, तेच हात तोंडात जाणार. म्हणून नवी जोडीही तो बाहेर पायरीशीच चालवून बघायचा, आणि रोज सकाळी स्वतः फरशी पुसायचा. शहाबादी फरशी पुसून पुसून काळीभोर गुळगुळीत झाली होती, आणि येणारा प्रत्येक जण म्हणायचा, भीमराजभाऊ, काय जागा ठेवलीय, अगदी विहारासारखी! त्याला ते ऐकून बरं वाटायचं. आज तीच फरशी त्याच्याकडे बघत होती. रांगणाऱ्यांसाठी म्हणून त्याने जमीन एवढी साफ ठेवली होती. चालणाऱ्यांसाठी काय ठेवलं होतं? या प्रश्नाने त्याला इतकी लाज वाटली की तो उगाच टेबलावरची हातोडी उचलून पुन्हा होती तिथे ठेवू लागला.

कोपऱ्यात, बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली, बाजेवर त्याचे वडील रंभाजी बसले होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ते म्हणत, "जे बघायचं हुतं ते बघून झालंय." दिवसभर घरात एकटं बसण्यापेक्षा इथे ठोकाठोकीच्या आवाजात त्यांना बरं वाटे. आयुष्यभर त्यांनी लष्कराच्या डेपोत फिटर म्हणून लोखंड ठोकलं होतं, त्यामुळे आवाजावरून ते सांगत, "रिव्हेट तिरका बसला रे." आणि तो तिरका बसलेला असे. त्यांच्या वडिलांना गावात चावडीपुढून जाताना चप्पल काढून हातात धरावी लागे. ही गोष्ट रंभाजींनी भीमराजला इतक्या वेळा सांगितली होती की चावडी न पाहताही त्याला ती पायरी, तो पिंपळ आणि चपला छातीशी धरून चाललेला आजा दिसायचा. भिंगारला नोकरी लागल्यावर रंभाजींनी पहिल्या पगारात बूट घेतले. ते घालून ते गावी गेले आणि चावडीपुढून, टाचा वाजवत, मुद्दाम दोनदा गेले. पण स्वतःच्या घराच्या दारात, तसबिरींसमोर, बूट काढल्याशिवाय त्यांनी कधी पाऊल आत टाकलं नाही, कुणाला टाकू दिलं नाही. "तिथं काढायला लावत हुते," ते सांगायचे, "इथं आपन आपल्या मनानं काढतो. फरक हाय." हा फरक भीमराजच्या अंगात लहानपणापासून मुरला होता. त्याचा त्याला अभिमान होता. आज पहिल्यांदा त्या फरकाला हात लावून बघावासा वाटला, आणि हात लावायची भीतीही वाटली.

"बूट लहान झालेत," आप्पासाहेब सांगत होते. "पोरगी वाढली. टाच बसंना. म्हटलं, डाक्टरला दाखवून नवं माप देऊ." भीमराजने पायरीवरचा एक कॅलिपर उचलून आणला. लुळ्या पायाला दोन्ही बाजूंनी पोलादी पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला कातडी पट्टे, गुडघ्याशी कडी, खाली काळा बूट. पाय ताठ केला की कडी टक्कन बसते आणि मोडलेला माणूस उभा राहतो. ही जोडी त्याच्या केंद्राच्या अगदी पहिल्या मालातली. त्याने ती उलटी केली आणि बुटाचा तळवा पाहिला. तळवा कोरा होता. कडेला त्याने शिक्क्याने मारलेला आकडा अजून वाचता येत होता. टाचेला तेवढे आजचे, रिक्षा ते पायरी एवढ्या रस्त्याचे, बारीक खडे चिकटले होते. बाकी चिखल नाही, झीज नाही, शिवणीत माती नाही. कातडं कडक होतं, न वापरलेल्या कातड्याला असतं तसं. त्याने अंगठ्याने खडे पुसले आणि त्याखाली नवाकोरा रबर निघाला.

त्याला एकदम गेल्या महिन्यातले तपासणीचे साहेब आठवले. केंद्र सरकारची योजना होती. अपंगांना साधनं मोफत मिळायची, भीमराजसारख्या बनवणाऱ्याने ती मंजूर नमुन्याप्रमाणे बनवायची आणि सरकारने पैसे भागवायचे. योजना पुढे चालू ठेवायची का, हे साहेब बघायला आले होते. जीपमधून गावोगाव हिंडले, भीमराज मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसला होता. घराघरांतून कॅलिपर बाहेर आणले जात होते. कुणाचे खुंटीवर होते, कुणाचे धान्याच्या कोठीमागे, एका बाईने तर लग्नातल्या शालूसारखे ट्रंकेतून काढले, डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट. साहेबांनी प्रत्येक जोडी हातात घेऊन बघितली आणि परत येताना म्हणाले, "मानलं तुम्हाला! एवढी वर्षं झाली, पण एकही मोडलेला नाही. नव्यासारखे. दुसरीकडे तक्रारींचा पाऊस असतो, तुमच्या मालाची एक तक्रार नाही." त्या दिवशी भीमराजने अख्ख्या आळीत पेढे वाटले. रंभाजींच्या तोंडात पेढा घालताना त्याचे डोळे भरून आले होते. नवी मागणी आली होती, पहिल्यापेक्षा कितीतरी मोठी, आणि हातातलं कातडं त्याच मागणीचं होतं. तक्रार नव्हती, कारण कुणी घालतच नव्हतं. एवढी साधी गोष्ट. खुंटीवरून काढून दिलेला कॅलिपर त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, आणि त्याला वाटलं होतं, किती जपतात माणसं!

"घालतेस ना रोज?" त्याने विचारलं. ज्ञानेश्वरीने बापाकडे पाहिलं. चौदा-पंधरा वर्षांची पोरगी, कपाळावर घाम, वेण्यांना लाल रिबिनी, आणि पोलकंही नवं. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की कॅलिपर आज का घातले होते. कुणी साडी दिली तर त्याच्या घरी जाताना तीच नेसून जावं, ही रीत आहे. देणाऱ्याला बरं वाटतं. बोचणारे, आखूड झालेले कॅलिपर तिने त्या रीतीने घातले होते, त्याला बरं वाटावं म्हणून. गुडघ्याच्या आतल्या बाजूला पट्टीने सोलून लाल केलं होतं आणि तिने परकराची कड ओढून ते झाकलं. "घालते की," ती म्हणाली. "इथं येताना घातलं, दवाखान्यात जाताना घातलं. आत्याच्या लग्नात घातलं हुतं."

"आणि घरात?"

"घरात कसं घालणार, डाक्टर?" हे आप्पासाहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंखुरं आश्चर्य होतं. "पायातलं हाय ते. माझी आई म्हनती, चामड्याचे बूट घालून चुलीपशी? देवघरापुढं? म्हातारीचं, मालनबाईचं घर हाय ते, सारवून आरशावानी ठेवलेलं. सांच्याला तुळशीपुढं दिवा लावती आन् पोरीनं बूट घालून तिथनं जायचं?" मग त्यांना वाटलं असावं की डॉक्टरला वाईट वाटेल. म्हणून घाईघाईने म्हणाले, "पन लई जपून ठेवलेत, बरं का. म्हातारी रोज फडक्यानं पुसती. कुनाला हात लावू देत न्हाई."

पहिल्या क्षणी भीमराजच्या कानशिलांत गरम रक्त चढलं. चामडं म्हणाली म्हातारी. कुणी शिवलंय ते माहीत असेल तिला. तो राग जुना होता, तयार होता, घरात पिढ्यानपिढ्या धार लावून ठेवलेल्या विळ्यासारखा हाताशी होता, आणि त्याला जवळजवळ हायसं वाटलं. जातीचं असलं तर भांडता येतं. कोल्हारला जाऊन ओसरीवर उभं राहून मालनबाईंना दोन शब्द सुनावता आले असते. पण राग हातात धरून तो उभा राहिला आणि कुणावर उचलावा ते कळेना. कारण दारावरची पाटी त्याचीच होती. मालनबाई जे म्हणत होत्या तेच तो म्हणत होता, तेच त्याच्या कोपऱ्यात बसलेले वडील म्हणत होते, तेच शाळेत गुरुजी म्हणत होते. शाळेत पोरं चपला काढून बस्करावर बसतात. दुकानाच्या गादीवर काढून बसतात. कीर्तनाला काढतात, विहारात काढतात, दर्ग्यात काढतात. या मुलखात माणूस कुठेही पोचला की पहिली गोष्ट करतो ती हीच. पायातलं घालायचं ते फक्त वाटेवर, आणि पोरीला वाट कुठे होती? तिला चुलीपासून न्हाणीपर्यंत जायचं होतं. न्हाणीपासून ओसरीपर्यंत.

आणि हे त्याला कळलं का नाही? तो काय विलायतेतून आला होता? पुण्याला, लष्कराच्या ज्या केंद्रात तो कामाला होता, तिथे लांबच लांब व्हरांडा होता. पाय गेलेले जवान नव्या पायांवर, बूट घालून, त्या व्हरांड्यातून खाडखाड चालत. खोलीत, जेवणघरात, सगळीकडे बूट. जेवायला टेबल होतं, झोपायला खाट होती, संडास खुर्चीसारखा होता. तो खाडखाड आवाज ऐकूनच भीमराजच्या डोक्यात सगळं शिरलं होतं. आपल्याकडेही असा आवाज व्हायला हवा. सरकारी नोकरी सोडून गावी धंदा काढतो म्हटल्यावर रंभाजी महिनाभर बोलले नव्हते. पण त्याच्या कानात तो व्हरांडा होता. आवाज त्याने गावी आणला, व्हरांडा तिथेच राहिला.

आणि जयमाला? जयमाला त्याची धाकटी बहीण. त्याच्याच घरात, त्याच्याच डोळ्यांसमोर रांगत मोठी झाली आणि तो पुण्याला असताना तापाने गेली. केंद्र काढलं ते तिच्यासाठी, असं तो सगळ्यांना सांगायचा, आणि ते खरंही होतं. रस्त्यावर जाताना ती हातांत रबरी चपला घालायची, पावलांत घालतात तशा, आणि हातांनी चालायची. आळीतली पोरं 'चारपायी' म्हणून चिडवायची तेव्हा तीच एक चप्पल काढून नेम धरून मारायची. हे तो हसत हसत सांगायचा. आता त्याला त्या आठवणीचं पुढचं टोक दिसलं, जे तिथेच होतं, रोज होतं. दारापाशी आली की जयमाला हातांतल्या चपला काढायची. एकावर एक ठेवायची. आणि मग उघड्या तळव्यांनी घरात सरकायची. तिला कुणी तसं सांगितलं नव्हतं. घरात पायातलं घालत नाहीत, हातातलंही नाही. भीमराजने ते शेकडो वेळा पाहिलं होतं आणि कधीच बघितलं नव्हतं. ती आज असती आणि त्याने तिलाही कॅलिपर करून दिले असते, तर तिनेही ते दारात काढले असते. या विचाराने तो भिंतीला टेकला. ज्यांच्यासाठी आयुष्य उधळलं त्यांचं घर कसं असतं हे त्याने विचारात घेतलं नव्हतं, आणि ते घर त्याचंच होतं.

"डाक्टर, काय झालं?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"काही नाही. पहिल्यांदा जोडी दिली तेव्हा सांगितलं होतं ना, रोज घालायची. नाही घातली तर गुडघा वाकडा धरतो. एकदा का तो आखडला, की पाय सरळ होत नाही, कडी बसत नाही, आणि मग कुठलाच कॅलिपर कामाचा नाही. तेव्हा काय म्हणालात?"

"व्हय म्हनलो," आप्पासाहेब म्हणाले. "आता तुमी एवढं सांगत हुता, न्हाई कसं म्हननार?" त्यांच्या डोळ्यांत आता भीती आली होती. बाप होते ते. पोरीला पाठुंगळीवर घेऊन दवाखाने पालथे घातलेले. "का? उशीर झाला का? तिला पुढल्या वर्षी लोणीला बोर्डिंगात घालायची हाय. तिथल्या बाई म्हनल्या, आपली आपन चालत आसंल तर घिऊ, न्हाई तर न्हाई. लेक हुशार हाय, डाक्टर. चालती झाली पायजे."

"चालेल," भीमराज म्हणाला. हा शब्द इतक्या वेळा उच्चारून उच्चारून गुळगुळीत झाला होता. पण या वेळी त्याने तो स्वतःला ऐकवला. चालायलाच हवी. आत्ता, इथे, याच फरशीवर. कोणाच्या तरी घरात कुणीतरी पहिल्यांदा बूट घालून आत यायला हवं, आणि घर त्याचं असेल तर त्याला कोण अडवणार? त्याने कॅलिपर उचलले, पायरीवर गेला आणि गुडघे टेकून उंबऱ्यावरच बसलेल्या ज्ञानेश्वरीच्या पायांत घालू लागला. मांडीचा पट्टा, पोटरीचा पट्टा. टाच खरोखरच बसत नव्हती. जेमतेम सारली. बाजारातून जाणारी माणसं बघत होती. समोरचा पानवाला ओरडला, "काय भीमराज, आता तो पल्स पोलिओ आला म्हनत्यात, पोरांना डोस द्यायलेत. पोलिओच संपला तर तुझ्या दुकानाला कुलूप!" रोजची थट्टा होती. रोज तो म्हणायचा, लागू दे, तुझं पान खात बसेन. आज तो बक्कल आवळत राहिला.

"ये," तो तिला म्हणाला. "तशीच ये. आत."

ज्ञानेश्वरी चौकट धरून उभी राहिली. पण उंबरा ओलांडीना. तिने आत पाहिलं, पुसलेल्या फरशीकडे, मग तसबिरींकडे, तसबिरींपुढच्या फुलांकडे. "तुमचा देव हाय ना आत," ती हळूच म्हणाली. बाबासाहेब देव नाहीत, बुद्धही देव नाही, हे तो शंभर जणांना समजावून सांगायचा. या वेळी त्याने समजावलं नाही. त्याच्या मनात आलं, ही कुणब्याची पोर माझ्या दारात माझ्या माणसांचा मान राखते आहे, आणि या मानासाठी माझ्या आज्याने काय काय सोसलं. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्याचं ऊर भरून आलं असतं. आज त्याला तो मान नको होता. "असू दे," तो म्हणाला, "त्यांना चालतं. ये तू."

ती आली. बूट फरशीवर पडला, खाड. मग दुसरा, खाड. हा तोच आवाज होता. भिंतींवरून तो परत आला तेव्हा भीमराजच्या अंगावर काटा उभा राहिला. तिचं तोंड उघडं होतं. घरासारख्या राखलेल्या जागेत उभं राहून चालायची ही तिची पहिलीच वेळ होती, आणि खाली बघायचं सोडून ती वर बघत होती, फळीवरच्या डब्यांकडे, घड्याळाकडे, जी जी वस्तू रांगताना डोक्याच्या वर असते तिच्याकडे. एक हात भिंतीला, एक बापाच्या खांद्याला. भीमराज मनात आणखी एका आवाजाची वाट बघत होता, कडी बसल्याच्या टक्क आवाजाची. तो आला नव्हता. पट्टे आखूड झाले म्हणून असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

"कोन रे ते?"

रंभाजी बाजेवर ताठ झाले होते. पांढुरके डोळे आवाजाच्या दिशेने रोखलेले. "पायातलं घालून आत आलंय कोन? बूट वाजत्यात! ह्या जागंत बूट? आधी बाहेर काढ, मग बोल!" तो म्हाताऱ्याचा आवाज नव्हता. चावडीपुढून टाचा वाजवत दोनदा गेलेल्या माणसाचा आवाज होता, ज्याने जगात एकच जागा अशी मिळवली होती की जिथे काढायचं की नाही हे तो ठरवणार.

"चुकलं, बाबा, चुकलं," ज्ञानेश्वरी म्हणाली. तिने भिंतीवरचा हात काढून कान धरला, आणि कडी बसलेली नव्हतीच, त्यामुळे ती होती तिथे खाली बसली. पडली म्हणायचं तर पडली. पण चेहऱ्यावर दुखल्याचं काही नव्हतं, चूक पकडली गेल्याचं होतं. ती भराभरा बक्कलं सोडू लागली. भीमराजच्या जिभेवर वाक्य आलं होतं. बाबा, ते पायातलं नाही, ते तिचे पाय आहेत. पूर्ण, तयार वाक्य. ते म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि तेव्हा त्याला दिसलं की त्याचा हात आधीच पुढे गेला होता. त्याच्या हाताने तिच्याकडून दोन्ही कॅलिपर घेतले, दाराबाहेर नेले आणि आप्पासाहेबांच्या चपलांशेजारी, टाचेला टाच लावून, नीट ठेवले.

आत येताना त्याने पाहिलं, रंभाजींना आता कळलं होतं. कुणीतरी सांगितलं असावं, किंवा आवाजावरून. ते हात पुढे करून चाचपडत होते. ज्ञानेश्वरी सरकत त्यांच्या बाजेपाशी गेली आणि त्यांच्या हाताखाली आपलं डोकं दिलं. "लेकरू हाय व्हय," ते म्हणाले. "मला वाटलं, कुनी साहेब." आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले, जयमालाच्या डोक्यावरून फिरवायचे तसा.

भीमराजने चटई पसरली, टेप घेतली. आणि मग, टेपचं टोक सोडवता सोडवता, त्याला पाट आठवला. बसायचा, जेवायचा लाकडी पाट. पाटावर पाय ठेवला तर कुणी बाटलं म्हणत नाही. नवरी पाटावर उभी राहते. बुटाच्या जागी पाटाचं लाकूड लावलं तर? चामडं नाही, तळवा नाही, घासून धुऊन चुलीपाशी ठेवता येईल असं पाऊल. घरातलं पाऊल. मालनबाई पाटाला आत घेणार नाहीत? सरकारी नमुन्यात ते बसणार नव्हतं, पण नमुना गेला खड्ड्यात. एक जोडी तो स्वतःच्या हातांनी करू शकत होता. एकीची झाली की दुसरीची. त्याला शिरीषाचं लाकूड दिसलं, त्याला मारायचे स्क्रू दिसले. इतक्या वर्षांत इतकी सोपी गोष्ट सुचली नव्हती आणि आज सुचली, म्हणून त्याला रडू येईल की काय असं वाटलं. तो घाईने गुडघ्यावर बसला.

"तुमची फरशी लई गुळगुळीत हाय, भाऊ," चटईवर सरकत ज्ञानेश्वरी म्हणाली. "घरच्यावानी हात सोलत न्हाईत."

ती उताणी झोपली. त्याने टेपचं एक टोक तिच्या कमरेशी धरलं आणि दुसरं टाचेकडे नेलं. टेप चटईपासून वर उचलली गेली, कारण मध्ये गुडघा होता. त्याने तळहात गुडघ्यावर ठेवला आणि हलकेच दाबला. मग थोडा जोरात. गुडघा दारातल्या उंबऱ्यासारखा हाताला लागला आणि हलला नाही.

"पाय सरळ कर, बाळ," तो म्हणाला.

ज्ञानेश्वरीने मान उचलून आपल्या पायांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "सरळच हाय की, भाऊ," ती म्हणाली.